किल्ली एक, कुलपं अनेक

माझ्या वर्गातली एक मुलगी दर तीन आठवड्यांनी एक दिवस उशिरा येते. त्या दिवशी ती आईबरोबर दवाखान्यात जाऊन पेनिसिलिनचं इंजेक्शन घेते. मुलं मला विचारतात, "बाई, हिला ताप नाही, खोकला नाही, मग सुई कशाला?"

झालं असं, की गेल्या वर्षी तिचा घसा दुखला. चार दिवसांत थांबलाही. पण दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजले, मग घोटे. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, हृदयाच्या झडपेला सूज आहे! दुखला घसा आणि इजा हृदयाला? हे कोडं मलाही सुटेना. मग डॉक्टरांना विचारलं, पुस्तकं चाळली. तेव्हा जे कळलं ते तुम्हालाही सांगते.

आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या 'टी' आणि 'बी' नावाच्या पेशींच्या अंगावर हजारो बारीक आकडे असतात. त्यांना म्हणतात रिसेप्टर. एका पेशीवरचे सगळे आकडे एकाच घडणीचे. जंतूचा जो भाग त्यात अडकतो तो अँटिजेन. टी पेशीला तर अख्खा जंतू दिसतच नाही. दुसरी एखादी पेशी जंतूच्या प्रथिनाचा तुकडा आपल्या अंगावर धरून दाखवते. आठ-दहा मण्यांची माळ म्हणा ना! तेवढ्यावरून टी पेशीने ओळखायचं, हा आपला की परका.

पूर्वी वाटायचं, एका रिसेप्टरला एकच अँटिजेन जुळतो. पण हिशेब करून पाहा. असे वेगवेगळे तुकडे एकावर पंधरा शून्यं इतके होऊ शकतात. प्रत्येकासाठी वेगळी पेशी ठेवायची, तर नुसत्या टी पेशींचंच वजन पाचशे किलोच्या वर जाईल! तुम्ही असाल तीस किलोचे. ठेवणार कुठे?

आमच्या शाळेतल्या कपाटाची गंमत सांगते. त्याची किल्ली हरवली, तर शिपाईमामा दुसऱ्याच कपाटाची किल्ली घालतात, जराशी हलवतात आणि खट्! कुलूप उघडतं. टी पेशीचा रिसेप्टर असाच आहे. तो किंचित वाकतो, वळतो. आठ-दहा मण्यांतले दोन-चार मोक्याचे मणी जुळले, तरी त्याचं काम भागतं. एका टी पेशीला दहा लाखांहून जास्त वेगवेगळे तुकडे ओळखता येतात, असं २०१२ साली ब्रिटनमधल्या कार्डिफच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. म्हणून तर मोजक्या पेशींवर शरीराचं भागतं.

या सैल किल्लीने माणसावर केवढे उपकार केलेत! देवीचा रोग तुमच्या पणजी-आजीला विचारा. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर या डॉक्टरांनी १४ मे १७९६ रोजी एका गवळणीच्या हातावरच्या फोडातलं पाणी आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचलं. तो फोड गाईंपासून येणाऱ्या सौम्य देवीचा होता. पुढे जेन्नरनी त्याला खऱ्या देवीच्या फोडातलं द्रव्य टोचलं, तरी तो आजारी पडला नाही. (आज असा प्रयोग मुलावर कोणी करू देणार नाही, आणि तेच बरोबर!) दोन्ही विषाणू एकमेकांचे भाऊबंद. गाईच्या देवीसाठी तयार झालेल्या पेशींनी माणसाच्या देवीलाही ओळखलं. ही लस हातोहात प्रवास करत आपल्याकडे आली आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतातली ती पहिली. १९८० साली देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं.

आता आमच्या कोड्याकडे या. घशाला त्रास देणारा स्ट्रेप्टोकोकस नावाचा एक जिवाणू आहे. त्याच्या अंगावरचं एक प्रथिन आणि आपल्या हृदयातलं एक प्रथिन यांचे काही तुकडे सारखे दिसतात. जिवाणूला पकडायला निघालेल्या पेशी आणि त्यांनी रक्तात सोडलेल्या अँटिबॉडी (या म्हणजे बी पेशींचे सुटे आकडेच बरं का!) काही मुलांमध्ये हृदयालाच शत्रू समजतात. कपाट आपलं, किल्ली चोराच्या कुलपासाठी केलेली, तरी लागली! खरं तर छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. आपल्याच शरीरावर घट्ट अडकणाऱ्या टी पेशी ती आधीच वेचून काढते. पण थोड्याशा जुळणाऱ्या काही निसटतात. या आजाराला ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात. तो जास्त करून ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो. म्हणजे तुम्हालाच!

पालकांसाठी दोन शब्द. बहुतेक घसेदुखी साध्या सर्दीची असते, तिला पेनिसिलिन लागत नाही. पण सर्दी-खोकला नसताना ताप आला, गिळताना फार दुखलं, गळ्याच्या गाठी सुजल्या, तर मुलाला डॉक्टरांना दाखवा. स्ट्रेप्टोकोकस असेल आणि पहिल्या नऊ दिवसांत औषध सुरू झालं, तर हा आजार टळतो. औषध मात्र सांगितलेले सगळे दिवस द्यायचं, मूल तिसऱ्या दिवशी खेळायला लागलं तरी.

आमच्या मुलीच्या घशात तो जिवाणू पुन्हा शिरला, तर तिच्या पेशी पुन्हा तीच चूक करतील. म्हणून तो शिरूच नये यासाठी ही सुई, आणि तीही कित्येक वर्षं. हे सगळं मी वर्गात फळ्यावर किल्ल्या-कुलपं काढून सांगितलं. आता तिच्या सुईच्या दिवशी शेजारची मैत्रीण पहिल्या तासाचं गणित तिच्यासाठी वेगळ्या कागदावर उतरवून ठेवते.