पहिली फळी : जंतुभक्षक पेशींच्या शोधाचा मागोवा

जंतू शरीरात शिरला की त्याला सर्वांत आधी अडवते ती उपजत प्रतिकारशक्ती. ती जन्मापासून असते, तो रोग पूर्वी होऊन गेलेला असावा लागत नाही आणि काही तासांच्या आतच ती कामाला लागते. विशिष्ट जंतूसाठी प्रतिपिंडे तयार करणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेला नव्या जंतूशी पहिल्यांदा गाठ पडल्यावर बरेच दिवस लागतात. तोवर सगळा भार पहिल्या फळीवर असतो. पायात काटा मोडल्यावर जागा लाल होते, सुजते, ठणकते आणि पिकते, ती याच लढाईची लक्षणे. पू म्हणजे प्रामुख्याने या लढाईत मेलेल्या पांढऱ्या पेशी.

या ज्ञानाची सुरुवातही काट्यापासूनच झाली. १८८२ च्या अखेरीस सिसिली बेटावरील मेसिना शहरात इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली त्या काट्यांभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला गिळण्यासाठीच या पेशी धावतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या पेशींना भक्षक पेशी हे नाव मिळाले. या कामासाठी मेचनिकॉव्ह यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिक यांच्यासह मिळाले.

मेचनिकॉव्ह यांचा ओडेसा येथील विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि त्यानंतर हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी मारलेल्या जंतूंची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस शरीराला शत्रूची आगाऊ ओळख करून देते. लस न घेतलेल्या माणसात मात्र प्लेगचा जंतू भक्षक पेशींच्या तावडीतून निसटतो कसा, हा प्रश्न पुढे शंभर वर्षे रेंगाळला.

दरम्यान या पेशींना रक्तद्रवाची साथ असते हे उघड झाले. ताजा रक्तद्रव जंतूंना फोडतो आणि ५५ अंशांपर्यंत तापवल्यावर ही ताकद जाते, असे ज्यूल बोर्डे यांनी १८९०च्या दशकात दाखवले. हीच पूरक प्रथिने. ती जंतूच्या आवरणाला भोके पाडतात, भक्षक पेशींना बोलावतात आणि जंतूवर चिकटून त्याला गिळायला सोपा करतात. भारतातील प्लेग आयोगावर काम केलेल्या आल्मरॉथ राइट यांनी १९०३ मध्ये या चिकटणाऱ्या घटकांना ‘ऑप्सोनिन’ म्हटले. त्यांच्याच विभागात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२२ मध्ये नाकातील स्रावात आणि अश्रूंमध्ये लायसोझाइम सापडले. हे विकर काही जंतूंची पेशीभित्तिका कापते.

गिळलेल्या जंतूचे पुढे काय होते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळले. जंतू पेशीच्या आत एका पिशवीत बंद होतो. पेशीतले कण त्या पिशवीत रिकामे होतात आणि त्यांतली विकरे व प्रथिने जंतूवर तुटून पडतात. त्याच वेळी न्यूट्रोफिल या भक्षक पेशी ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड आणि त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल द्रव्ये बनवतात. २००४ मध्ये तिसरा मार्ग दिसला. मरता मरता न्यूट्रोफिल आपल्या डीएनएचे जाळे बाहेर फेकतात आणि त्यात जंतू अडकतात.

जंतू ओळखला कसा जातो, हे कोडे सर्वांत उशिरा सुटले. १९८९ मध्ये चार्ल्स जेनवे यांनी मांडले की पहिली फळी प्रत्येक जंतूला वेगळा ओळखत नाही. अनेक जंतूंत सामाईक असलेल्या आणि माणसाच्या पेशींत नसलेल्या खुणा ती हेरते. १९९४ च्या ऑगस्टमध्ये मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील मामला गावी, गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले तेव्हा या कल्पनेला प्रयोगाचा भक्कम आधार मिळायचा होता. तो लवकरच मिळाला. १९९६ मध्ये ज्यूल हॉफमन यांच्या गटाने फळमाशीला बुरशीपासून वाचवणारा ‘टोल’ ग्राहक दाखवला आणि १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उंदरातील टोलसारखा ग्राहक टीएलआर-४ शोधला. अनेक जंतूंच्या बाह्यावरणातील लिपोपॉलिसॅकराइड हा ग्राहक ओळखतो. २०११ चे अर्धे नोबेल या दोघांना मिळाले.

त्यातून प्लेगची युक्तीही उलगडली. प्लेग पसरवणाऱ्या पिसवेच्या थंड शरीरात या जंतूच्या लिपोपॉलिसॅकराइडला सहा मेदशृंखला असू शकतात. माणसाच्या ३७ अंशांत त्या मुख्यतः चार उरतात. चार शृंखलांची खूण टीएलआर-४ ला नीट उमगत नाही, म्हणून धोक्याचा इशारा उशिरा मिळतो. शिवाय जंतू सुईसारख्या रचनेतून भक्षक पेशीत प्रथिने सोडून तिची गिळण्याची क्रिया थोपवतो. सुरुवातीला तो काही भक्षक पेशींच्या आतही तग धरतो आणि लसिकाग्रंथीत पोहोचून तिथे वाढतो. जांघेत किंवा काखेत येणारी गाठ ती हीच. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी ३७ अंशांतही सहा शृंखला राखणारा जंतू प्रयोगशाळेत घडवला, तेव्हा उंदरांच्या पहिल्या फळीने त्याला ओळखले आणि त्याचा घातकपणा गेला.

ही फळी जन्मतःच दुबळी असली तर काय होते, हे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या आनुवंशिक आजारात दिसते. अशा मुलांच्या भक्षक पेशी जंतू गिळतात, पण सुपरऑक्साइड बनत नसल्याने काही जंतू व बुरशी त्यांना मारता येत नाहीत. वारंवार गळवे आणि न्यूमोनिया होतो. या आजाराचे निदान आज मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्थेत होते. हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा १८९९ मध्ये याच परळला आली होती.