पांझरेचे फड

सह्याद्रीत उगम पावून साक्री व धुळे तालुक्यांतून वाहत पुढे तापीला मिळणाऱ्या पांझरा नदीवर, आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम, आराम या नद्यांवर, सुमारे तीनशे वर्षे जी फड पद्धती चालत आली, तिच्याकडे आपण प्रायः दगडी बंधाऱ्यांची हकीकत म्हणून पाहतो. वस्तुतः बंधारा हा तिचा सर्वांत सोपा भाग होय. पात्र अडवून पाणी कालव्यात घालणे, कालव्यातून चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून शेताशेताच्या सारंगांत नेणे, हे कसबी गवंड्यांना साधले असते. बुद्धी खर्ची पडली ती, एकाच प्रवाहावर गावभरच्या मागण्या आल्या असता कोणाला केव्हा द्यावे, या प्रश्नावर.

बंधाऱ्याखालचे बागायत क्षेत्र बहुधा तीन किंवा चार फडांत विभागलेले असे. (फड म्हणताच ज्याच्या कानांत ढोलकी वाजू लागते त्याने क्षमा करावी, येथे फड म्हणजे जमिनीचा सलग पट्टा.) एका हंगामात एका फडात एकच पीक, म्हणजे एकात ऊस, दुसऱ्यात गहू, असे, आणि पुढील वर्षी पाळी फिरे. पाणी शेतात भरण्याचे काम खातेदाराचे नव्हे, पाटकऱ्याचे. राखणीला जागल्या आणि देखरेखीला हवालदार. मात्र या साऱ्या अंमलाचे मर्म माणसांत नसून जमिनीच्या मांडणीत आहे. बहुतेक खातेदारांची शेते प्रत्येक फडात थोडीथोडी असल्यामुळे, नदी आटली आणि पंचांनी एखादा फड कोरडा ठेवण्याचे ठरविले, तर तूट एकट्याच्या माथी न बसता ती ज्याच्या त्याच्या हिश्शाने सर्वांवर पसरे. निर्णय देणारा पंचही तिच्यातून सुटत नसे. न्यायासाठी पहारा लागतोच, पण तो इतका कमी लागावा अशी रचना मी अन्यत्र क्वचितच पाहिली आहे.

1909 साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत असलेल्या एर्लांग या गणितज्ञाने तारांच्या वाटपाचे गणित मांडले, त्याचा आधार असा की सारे ग्राहक एकाच क्षणी बोलू लागत नाहीत, म्हणून थोड्या तारांवर पुष्कळांची सोय लागते. शेतीला ही सवलत नाही. अवर्षणात तहान सर्वांना एकदमच लागते. म्हणून फडाने मागणीच आधी बांधून घेतली: ऊस किती आणि तो कोणत्या फडात, हे ठरले की पाण्याचा हिशेब पेरणीपूर्वीच अर्धाअधिक उरकला.

1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या विश्वेश्वरय्यांच्या नोकरीची आरंभीची वर्षे धुळ्याकडे गेली. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी पिकांची पाळी बांधून देणारी जी ब्लॉक पद्धती आणली, तिचे फडाशी असलेले नाते उघड आहे. फरक इतकाच की तेथे मंजुरी सरकारदरबारची होती. आजही गिरणेच्या जामदा कालव्याकाठी आवर्तन केव्हा सुटणार याची चौकशी कचेरीतच करावी लागते.

फडांवर संकट आले ते वरच्या अंगाने. पांझरेच्या खोऱ्यात धरणे झाली, बारमाही झरा मंदावला, विहिरींवर पंप बसले. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला शेजाऱ्याच्या पिकाशी आपले पीक जुळवून घेण्याची गरज उरली नाही. काही बंधाऱ्यांवर पंच अजून बसतात. पण नदीला पाणी केव्हा येईल, हे धरणाच्या दारांवर ठरते. पंचांच्या हाती राहते ते आलेल्या पाण्याचे वाटप.