चावीचं घड्याळ आणि कामगारांची कॉफी

विदर्भातल्या आमच्या भिवापुरातलं कुठलंही बरोबर लावलेलं घड्याळ सूर्याच्या सुमारे १२ मिनिटं पुढे असतं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, भिवापूर आहे ७९.५ अंशांच्या आसपास, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. वर्षभराची सरासरी धरली तर आमच्याकडे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात १२ वाजून १२ मिनिटं झालेली असतात. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ला लागू झाली. त्याआधी गावोगावची वेळ सूर्यावर चाले आणि आगगाड्या मद्रासच्या वेळेनं धावत. मुंबई तर १९०६नंतरही नमली नाही. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली ‘मुंबई वेळ’ त्या शहरात १९५५पर्यंत रेंगाळली.

नागपूर-नागभीड ही नॅरोगेज लाइन १९०८ची. भिवापूर त्याच मार्गावरचं स्टेशन. म्हणजे आमच्याकडे रेल्वे आली ती नवी वेळ सोबत घेऊनच. ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ साली ती छोटी गाडी बंद झाली, तोवर या पट्ट्यातल्या कित्येक पिढ्यांनी घड्याळ पाहण्याची सवय स्टेशनावरच लावून घेतली होती. मनगटावर घड्याळ येणं मात्र फार पुढची गोष्ट.

बाहेरच्यांना भिवापूर माहीत असतं ते भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरचीमुळे. मला या गावात राहून नाद लागला तो दुसऱ्याच दोन गोष्टींचा. एक, चावीची जुनी मनगटी घड्याळं जमवणं. दुसरी, प्रवासाला निघालं की त्या शहरातलं कॉफी हाऊस गाठणं. बरीच वर्षं हे दोन नाद एकमेकांना न भेटता सुखानं नांदले. दोन्हींचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा लक्षात आलं, की हे एकाच घरातले दोघे भाऊ आहेत. श्रीमंतांच्या आवाक्यातली वस्तू सरकारी खटपटीनं साध्या माणसापर्यंत आली, काही वर्षांनी सरकारनं हात काढून घेतला, आणि पुढे दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या झाल्या. त्या वेगळ्या का झाल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आधी घड्याळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्विस घड्याळं मुंबईच्या बंदरातून देशभर जाऊ लागली. फाव्र-ल्युबा होती, वेस्ट एंड वॉच कंपनी होती. वेस्ट एंडचं ‘सोवार प्रिमा’ फौजेतल्या आणि रेल्वेतल्या माणसांच्या हातावर असे, आणि नागपूरसारख्या रेल्वेच्या शहरात ते आजही अधूनमधून एखाद्या दुरुस्तीवाल्याच्या काचेच्या पेटीत दिसतं. पण शेतकऱ्याच्या, मास्तरांच्या, तलाठ्याच्या हातावर घड्याळ चढलं ते हिंदुस्थान मशीन टूल्समुळे, म्हणजेच ‘एचएमटी’मुळे. १९५३ साली यंत्रं बनवण्यासाठी स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीनं १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीशी हात मिळवून बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि नैनिताल जिल्ह्यातलं रानीबाग इथेही कारखाने झाले. लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ देण्याचा जो काळ होता, त्यातलं घड्याळ बहुतेक वेळा ‘एचएमटी’च असे.

‘जनता’, ‘पायलट’, ‘जवान’, ‘सोना’, ‘कोहिनूर’, ‘कांचन’ ही तिची गाजलेली नावं. अंध माणसांसाठी वरची काच उघडून बोटांनी काटे चाचपता येतील असं ब्रेल घड्याळही याच कंपनीनं बनवलं. मला सगळ्यांत प्रिय ‘जनता’. पांढरी तबकडी, साधे काटे, मध्यम आकार, दिखाव्याला वावच नाही. काही जनतांच्या तबकडीवर कंपनीचं नाव देवनागरीत असतं, आणि अशी एखादी चांगल्या अवस्थेत मिळाली की मी ती मागेपुढे न पाहता घेतो.

मागचं झाकण उघडलं की कळतं हे घड्याळ इतकं का टिकलं. आत १७ माणकं. ती कृत्रिम असतात आणि मौल्यवान मुळीच नसतात. चाकांच्या आसांची टोकं त्यांच्यात फिरतात, म्हणून घर्षण कमी होतं आणि धातू झिजत नाही. चावी दिली की मुख्य स्प्रिंग आवळली जाते. ती सुटताना तिचं बळ चाकांच्या मालिकेतून तोलचक्रापर्यंत पोचतं, आणि केसाएवढी बारीक स्प्रिंग ते चक्र पुढे-मागे डोलवत ठेवते. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला ५. दिवसाचे होतात ४,३२,०००. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्यामुळे अचूकतेत चावीचं घड्याळ त्याच्यासमोर उभं राहू शकत नाही. दिवसाला काही सेकंद इकडे-तिकडे होणारच. रोज सकाळी चावीचा मुकुट फिरवताना बोटांना स्प्रिंगचा वाढत जाणारा ताण जाणवतो आणि एका जागी तो ‘बस’ म्हणतो. ते सुख मला अचूकतेपेक्षा मोठं वाटतं.

आता कॉफी. मराठी घरातली कॉफी म्हणजे भरपूर दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ. ती पाहुण्यांसाठी, नाहीतर परीक्षेच्या जागरणासाठी. रोजचा मान चहाचा, आणि भिवापुरात तो आजही चहाचाच आहे. खरं तर कॉफी विदर्भाला परकी नाही. अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा हा महाराष्ट्रातला कॉफी पिकणारा भाग, आणि तिथल्या डोंगरात इंग्रजी अमदानीत लावलेल्या कॉफीची परंपरा अजून टिकून आहे. पण बाहेर बसून, वेळ काढून कॉफी पिण्याची रीत आपल्याकडे आली ती संकटातून. १९३०च्या दशकात जागतिक मंदीनं कॉफीचे भाव कोसळले. मळेवाल्यांचा माल उठेना. मग १९३५ साली कायदा करून कॉफीवर उपकर बसवला गेला आणि त्या पैशातून देशातच गिऱ्हाईक तयार करायचं ठरलं. पहिलं ‘इंडिया कॉफी हाऊस’ १९३६ साली उघडलं ते मुंबईत, चर्चगेटला. पुढे महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद झाली, १९४२च्या कायद्यानं कॉफी बोर्ड उभं राहिलं, आणि शहरोशहरी ही कॉफी हाऊसं पसरली. जास्तीचा माल खपवण्याची ही योजना होती. तिच्यातून देशाला बसून बोलायच्या जागा मिळाल्या, हे मला फार मोठं देणं वाटतं.

१९५०च्या दशकाच्या मध्याला बोर्डानं ही कॉफी हाऊसं बंद करायचं ठरवलं. कामगार रस्त्यावर येणार होते. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितलं, की सहकारी संस्था काढा आणि कॉफी हाऊस स्वतःच चालवा. ऑगस्ट १९५७मध्ये बंगळूरला पहिली संस्था झाली, त्याच वर्षी दिल्लीला, आणि मग त्रिशूर, लखनौ, जबलपूर, कोलकाता, मुंबई, पुणे अशा ठिकाणी. त्या यादीत नागपूरही आहे. कालपर्यंत ट्रे उचलणारा वाढपी आज संस्थेचा सभासद होता. पांढरा पोशाख आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला फेटा तोच राहिला, मालक बदलला.

एचएमटीच्या वाट्याला हे आलं नाही. १९८७पासून टायटनची क्वार्ट्झ घड्याळं देखण्या दुकानांतून विकली जाऊ लागली. एचएमटीनंही क्वार्ट्झ बनवलं होतं, पण तिचा जीव चावीच्या आणि स्वयंचलित घड्याळांत अडकलेला होता. तोटा साचत गेला. जानेवारी २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि कामगारांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. इथे एखादा गोपालन का उभा राहिला नाही, असं मी पूर्वी हळहळून विचारायचो. आता वाटतं, दोष माणसांचा नव्हता. कॉफी हाऊसला भांडी, टेबलं, पूड आणि दूध पुरतं, आणि गल्ल्यात रोज रोख पैसा पडतो. घड्याळाच्या कारखान्याला केसाएवढी स्प्रिंग ओढणारी यंत्रं लागतात, खास मिश्रधातू लागतात, शेकडो सुटे भाग मायक्रॉनच्या हिशेबानं कापावे लागतात. शिवाय चांगलं घड्याळ ४० वर्षं चालतं. गिऱ्हाईक उद्या परत येत नाही. जनता टिकाऊ होती, आणि तो टिकाऊपणाच तिच्या कारखान्याला महागात पडला असावा, असं माझं मत आहे.

म्हणून कॉफी हाऊसं कामगारांच्या हाती जगली आणि चावीची घड्याळं दुरुस्तीवाल्यांच्या आणि आमच्यासारख्या नादिष्टांच्या हाती. हे समजल्यापासून माझे दोन्ही नाद प्रवासात एकत्र चालतात. भिवापूरहून उमरेडमार्गे नागपूर, आणि तिथून उत्तरेला सिवनीवरून जबलपूर. जबलपूरच्या संस्थेची कॉफी हाऊसं मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये इतकी पसरली आहेत, की रायपूर, बिलासपूरकडे जाणाऱ्यालाही ती लागतातच. तिथे डोसा किंवा कटलेट, कॉफी, आणि वर कुणी उठवत नाही. दक्षिणेकडे तिरुअनंतपुरमला बसस्थानकाजवळ लॉरी बेकर यांनी बांधलेलं कॉफी हाऊस आहे. विटांचा गोल मनोरा, आत वर चढत जाणारा उतार आणि त्या उतारावर ओळीनं बसवलेली टेबलं. कोलकात्याला कॉलेज स्ट्रीटवरच्या अल्बर्ट हॉलमध्ये उंच छताखाली आवाजांचा जो कल्लोळ असतो, त्यात मनगट कानाशी नेलं तरी टिकटिक ऐकू येत नाही. मुंबईत माटुंग्याला १९४०चं कॅफे मद्रास आहे. ते सहकारी नाही, पण तिथली फिल्टर कॉफी प्यायला मी वाट वाकडी करतो. साखळी कॅफेंशी माझं भांडण नाही. तिथे गावाची चव लागत नाही, एवढंच.

कॉफी झाली की जवळचा घड्याळवाला शोधायचा. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार ही प्रसिद्ध ठिकाणं, पण चांगला माल बहुधा बसस्थानकाजवळच्या छोट्या पेटीत मिळतो. नव्यानं जमवणाऱ्यांनी एका गोष्टीपासून सावध राहावं. जगभरचे संग्राहक ज्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, ते घड्याळ आतून बहुधा खरं असतं, पण तबकडी नव्यानं रंगवलेली. रंग भडक, अक्षरं जाड किंवा पसरलेली, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी न जुळणाऱ्या. कंपनीनं कधी न काढलेल्या रंगाची तबकडी असेल तर उत्तर तिथेच मिळालं. केस घासून घासून कडा गोल झाल्यात का, मुकुट मूळचा आहे का, हेही पाहावं. डाग पडलेली, पिवळट झालेली मूळ तबकडी मी चकचकीत रंगवलेलीपेक्षा केव्हाही पसंत करीन. तिच्यावर ज्याच्या हातात ती होती त्याची वर्षं असतात. रंगवणाऱ्या कारागिरांना नावं ठेवायला मात्र मन होत नाही. त्यांनी भंगारात जाणारी हजारो घड्याळं पुन्हा मनगटावर चढवली.

जमवलेलं घड्याळ कपाटात ठेवून देऊ नये. तेल वाळतं, आणि आमच्या विदर्भातल्या उन्हाळ्यात तर लवकरच. पावसाळ्यात दमट हवा आत शिरते आणि तबकडीवर ठिपके उठतात. आलटून पालटून वापरावं, काही वर्षांनी एकदा उघडून साफ करून तेल घालून घ्यावं, चावी रोज साधारण एकाच वेळी द्यावी. पोहताना, नळाखाली हात धुताना जनता हातावर नको.

खरी अडचण यापुढची आहे. कारखाना बंद, म्हणून सुटे भाग मिळतात ते बहुधा दुसऱ्या बंद घड्याळांतूनच. दुरुस्ती जाणणारे कारागीर म्हातारे होत चालले आहेत आणि त्यांची पेटी मोबाईलच्या कव्हरांनी अर्धी भरलेली आहे. वाचकांच्या घरी आजोबांची, मामांची एखादी बंद पडलेली एचएमटी ड्रॉवरमध्ये असणार. ती भंगारात देऊ नका. आधी गावातल्या जुन्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. पुष्कळदा नुसतं साफ करून तेल घातलं की ती चालू होते, आणि अगदीच नाही झाली तरी तिच्यातलं एखादं चाक, एखादा काटा दुसऱ्या तीन घड्याळांना कामी येतो. ती तुम्हाला नकोच असेल तर त्याच्याकडेच ठेवा, तो तिचे भाग जपून वापरेल.