खाऱ्या टाकीतला सुजलेला डोळा

रायपूरहून समुद्र गाठायचा तर विशाखापट्टणम, रेल्वेने पाचशे किलोमीटरहून जास्त. पण रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या एका मराठी घरात समुद्री माशांच्या टाकीसाठी समुद्राचं पाणी घरीच तयार होतं. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम समुद्री मिश्रणाचं मीठ घालायचं आणि पंप रात्रभर चालू ठेवायचा. स्वयंपाकाचं मीठ इथे उपयोगाचं नाही, त्यात समुद्रातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम कुठून येणार?

एका रात्री गेलेली वीज परत आली, टाकीचे दिवे भपकन लागले आणि बिथरलेला क्लाउनफिश दगडावर आपटला असणार. सकाळी डावा डोळा टरारून सुजलेला, वर दुधी पडदा. टाकी सांभाळणाऱ्या घरातल्या काकांनी टॉर्च काचेला तिरपा लावून आधी उजवा डोळा पाहिला. तो स्वच्छ, काळा. "एकच सुजलाय, म्हणजे बहुधा मार," ते म्हणाले. दोन्ही डोळे सुजले असते, तर बिघडलेल्या पाण्याचा किंवा आतल्या जंतुसंसर्गाचा संशय आधी घ्यावा लागला असता.

"औषध टाकू का, बाबा?" सूनबाईंनी विचारलं.

"आधी पाणी तपासू."

मला हे उत्तर फार महत्त्वाचं वाटतं. क्लाउनफिशला पापण्या नाहीत, त्यामुळे जखमी डोळ्याला पाणी चोवीस तास लागतच राहतं. शिवाय समुद्री माशाच्या रक्तातले क्षार समुद्राच्या पाण्याच्या जेमतेम एक तृतीयांश असतात. कॉर्निया खरवडला की आतल्या आणि बाहेरच्या पाण्यातला बांध तिथे फुटतो. अशा वेळी पाण्यात अमोनिया असला, तर बरी होऊ पाहणारी जखम चिघळत राहते. खाऱ्या टाकीचा पीएच 8.2च्या आसपास असतो, आणि तिथे अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी ठरतो. मुख्य टाकीत अँटिबायोटिक ओतलं, तर अमोनिया पचवणारे जिवाणूच मरण्याची भीती. तांब्याचं औषध तर प्रवाळ आणि गोगलगायींचा जीवच घेतं.

म्हणून मासा वेगळ्या टाकीत हलवायचं ठरलं, पण तो जाळीने पकडला नाही. जाळीचा दोरा डोळ्याला घासतो. प्लॅस्टिकची पारदर्शक बरणी पाण्यात आडवी धरून त्याला हळूच आत घेतलं. या वेगळ्या टाकीत वाळू नाही, दगड नाही, लपायला फक्त पीव्हीसी पाइपचा तुकडा. मुख्य टाकीत मुरलेला स्पंज फिल्टर इथे बसवला. तापमान आणि क्षारता तीच, उजेड मंद. मेमध्ये रायपूरचा पारा 45 अंशांकडे सरकतो तेव्हा पाणी झपाट्याने उडतं आणि मीठ मागे उरतं. म्हणून उणी पातळी साध्या आरओच्या पाण्याने भरायची, खाऱ्या पाण्याने नाही.

सूज उतरावी म्हणून हौशी लोक एप्सम सॉल्ट वापरतात. काकांनीही मोजून, वेगळ्या पाण्यात विरघळवून, थोडंथोडं सोडलं. पू दिसला किंवा सूज वाढली तरच अँटिबायोटिक, तेही माशांच्या डॉक्टरला विचारून. डोळ्याला सुई टोचून पाणी काढायचा सल्ला कुणी देईल. घरी तो कधीच मानू नये.

खाणं हा वेगळाच प्रश्न. अधू डोळ्याच्या बाजूने आलेला घास त्याला दिसेना. मग काकांनी कोळंबीचा बारीक कीस पिपेटने उजव्या बाजूला सोडला, आणि त्याने तो गट्टम् केला.

पडदा विरळ झाला, सूज उतरली. त्या डोळ्याला किती दिसतं, हे सांगता येत नाही; पण एका डोळ्यावर मासे चांगले जगतात. परत सोडण्याआधी काकांनी मुख्य टाकीतले दगड इकडचे तिकडे केले, म्हणजे मधल्या काळात त्याचा कोपरा बळकावलेल्या डॅमसेल माशालाही जागा नव्याने शोधावी लागेल आणि आल्या आल्या त्या डोळ्यावर हल्ला होणार नाही.