वारा अडवणारं तावदान आणि रंग बदलणारे दिवे

टप उघडणाऱ्या मोटारीत बसल्यावर वारा समोरून लागत असेल, असं रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात त्रास देतो तो मागून येणारा वारा. समोरची काच हवेला डोक्यांवरून उचलून मागे फेकते. त्यामुळे काचेच्या आडोशाला, जिथे माणसं बसतात तिथे, हवेचा दाब कमी होतो. ती उणीव भरून काढायला डिकीवरची हवा उलटी वळते आणि दोन आसनांच्या मधून मानेवर येऊन आदळते. म्हणून अशा गाडीत केस मागे उडत नाहीत, पुढे डोळ्यांवर येतात. सिनेमातल्या नायिकेचे केस मागे भुरभुरतात, त्याचं श्रेय बहुधा पंख्याला द्यावं लागेल.

यावरचा उपाय साधा आहे. आसनांच्या मागे एक जाळी किंवा पारदर्शक तावदान उभं करायचं, की उलटा फिरणारा वारा तिथेच अडतो. त्याला विंड डिफ्लेक्टर म्हणतात. १९८९ साली आलेल्या मर्सिडीज-बेंझ एसएल गाडीबरोबर अशी जाळी मिळू लागली. त्याच वर्षी शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदा कंपनीने एमएक्स-५ ही छोटी, दोन आसनांची उघडी गाडी मांडली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. २०१६ साली या गाडीने दहा लाखांचा आकडा गाठला. गाडी त्या मानाने स्वस्त आणि पाना-पक्कड घेऊन घरच्या घरी उघडता येण्याजोगी. त्यामुळे तिच्या हौशी मालकांनी तिच्यात करायचं काही शिल्लक ठेवलेलं नाही. त्यातलीच एक हौस म्हणजे या तावदानाला रंग बदलणारे एलईडी दिवे बसवणं.

आपल्याकडे अशा गाड्या क्वचितच दिसतात. पण गाडी सोडली तर बाकीचं सामान ओळखीचं आहे. गणपतीच्या मखराला, लग्नाच्या मांडवाला, ईदच्या रोषणाईला आपण जी रंग बदलणारी पट्टी लावतो, तीच इथे असते. फरक एवढाच, की मखर ताशी शंभर किलोमीटरने धावत नाही आणि मखराच्या मागून कुणी ब्रेकवर पाय ठेवून येत नसतं. या फरकामुळे सगळा विचारच बदलतो.

आधी तावदान उजळतं कसं ते पाहू. दिवे तावदानासमोर लावायचे नसतात, त्याच्या खालच्या कडेला लावायचे असतात. अ‍ॅक्रिलिकच्या कडेतून आत शिरलेला प्रकाश दोन्ही पृष्ठभागांवर इतक्या तिरक्या कोनात पडतो, की त्याला बाहेर पडताच येत नाही. तो आतल्या आत आपटत, परावर्तित होत दुसऱ्या टोकापर्यंत जातो. अ‍ॅक्रिलिकच्या बाबतीत हा कोन सुमारे ४२ अंशांचा. त्याहून तिरका आला की प्रकाश आत कोंडला गेलाच. दानिएल कोलादों या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने १८४०च्या सुमारास पाण्याच्या धारेत प्रकाश असाच कोंडून दाखवला होता. धार वळेल तसा प्रकाशही तिच्याबरोबर वळत होता.

आता या तावदानावर जिथे कोरीवकाम असेल तिथे पृष्ठभाग खडबडीत होतो, आणि कोंडलेल्या प्रकाशाला तिथे बाहेर पडायला वाट मिळते. बाकी तावदान काळोखात नाहीसं होतं आणि फक्त कोरलेली अक्षरं किंवा नक्षी हवेत तरंगल्यासारखी उजळते. दिसायला हे फार सुरेख असतं, यात वाद नाही. मात्र प्रकाशाला कोरलेली रेघ आणि पडलेला ओरखडा यांतला भेद कळत नाही. दोन वर्षं फडक्याने पुसलेलं तावदान बारीक चरांनी भरलेलं असतं. त्यात धूळ, बोटांचे ठसे. दिवे लावले की हे सगळं उजळून निघतं आणि नक्षीऐवजी धुकं दिसू लागतं. चालकाच्या आरशात जे मागचं दृश्य दिसतं ते याच तावदानातून. म्हणून कोरीवकाम खालच्या चार-पाच बोटं उंचीतच ठेवावं आणि आरशाच्या वाटेतला भाग कोरा सोडावा.

रंग बदलतात ते कसे? पट्टीवरच्या प्रत्येक चौकोनी ठिपक्यात तीन दिवे असतात: लाल, हिरवा आणि निळा. लाल एलईडी १९६२ साली निक होलोन्याक यांनी अमेरिकेत बनवला. हिरवाही मागोमाग आला. निळ्याने मात्र शास्त्रज्ञांना तीस वर्षं तिष्ठत ठेवलं. जपानमध्ये इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडच्या स्फटिकावर चिकाटीने काम केलं, १९९३ साली झगझगीत निळा एलईडी बाजारात आला, आणि २०१४ साली तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या घरातले पांढरे एलईडीसुद्धा या निळ्याचीच करामत आहे.

शाळेत आपण पिवळा आणि निळा मिसळून हिरवा करायला शिकलो. दिव्यांचा हिशेब वेगळा: लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो. प्रत्येक दिव्याला शून्यापासून २५५पर्यंत एक आकडा द्यायचा, म्हणजे तीन आकड्यांत १,६७,७७,२१६ मिश्रणं होतात. एवढे रंग असूनही काही रंग हाती लागत नाहीत. अबोली मिळतो, मोरपंखी मिळतो, चिंतामणीच्या जवळपासही जाता येतं. पण आमसुली दिवा मागितलात तर मिळणार नाही. आमसुली, तपकिरी हे रंग शेजारच्या उजेडाच्या तुलनेत काळपट दिसतात म्हणून ते रंग आहेत. अंधारात एकटा पेटलेला तपकिरी हा नुसता मंद नारिंगी असतो. साड्यांच्या दुकानातले निम्मे रंग दिव्यांच्या दुनियेत येऊ शकत नाहीत, याचं मला थोडं वाईट वाटतं.

साध्या पट्टीत सगळे ठिपके एकदम एकाच रंगाचे होतात. दुसऱ्या जातीत, उदाहरणार्थ डब्ल्यूएस २८१२ या नावाने विकल्या जाणाऱ्या पट्टीत, प्रत्येक ठिपक्याच्या पोटात एक चिप असते. आकड्यांची रांग एका टोकाने आत सोडायची. पहिला ठिपका आपले तीन आकडे ठेवून घेतो आणि उरलेले पुढे सरकवतो, दुसराही तेच करतो. पंगतीत जिलबीचं ताट हातोहात पुढे जातं तसं. एका ठिपक्याचा निरोप एका सेकंदाच्या दहा लाखांपैकी तीस भागांत उरकतो. त्यामुळे तावदानाखालच्या चाळीस ठिपक्यांवरून रंगाची लाट वाहते आहे, असं दाखवणं अगदी सोपं होतं.

सोपं झालं की माणसाला ते सारखं दाखवावंसं वाटतं, आणि तिथेच अडचण सुरू होते. हे दिवे अंधारासाठी फार प्रखर असतात. निम्मी वीज दिली तरी डोळ्याला निम्म्याहून बराच जास्त उजेड वाटतो. बरं, आकडा २५५वरून दहावर आणला तर रंग बदलायला दहाच पायऱ्या उरतात. मग केशरीतून गुलाबीत जाताना रंग सरकत नाही, धक्के खात जातो. जाणते कारागीर म्हणून आकडे वरच ठेवतात आणि पट्टीवर धुरकट फिल्म चिकटवून उजेड तिथेच गिळू देतात. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली खरी अक्कल या फिल्ममध्ये आहे.

आता चालकाचा डोळा. उजेडातून अंधारात आल्यावर डोळा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशी निळसर हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतात, गडद लालला जवळजवळ मुळीच नाही. यान पुर्किन्ये या बोहेमियाच्या शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी पाहिलं होतं, की दिवसा झळकणारी लाल फुलं पहाटेच्या उजेडात काळी दिसतात आणि पानं मात्र उजळ. म्हणजे मानेमागे निळा दिवा लावणं चालकाला सर्वांत जाचक, आणि लाल किंवा गडद शेंदरी सर्वांत सुसह्य. मग लालच लावावा की!

नेमकं तेच करता येत नाही. कारण सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जॉन व्होएवोडस्की या मानसशास्त्रज्ञाने काही टॅक्सींच्या मागे मधोमध एक जादा ब्रेकचा दिवा लावला आणि काही टॅक्सी तशाच ठेवल्या. जादा दिवा असलेल्या टॅक्सींना मागून धडक बसण्याचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी निघालं. पुढे १९८६च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना तो तिसरा दिवा सक्तीचा झाला. पण तो जिकडेतिकडे दिसू लागल्यावर त्याचा प्रभाव ओसरला. अमेरिकन सरकारच्या १९९८च्या अहवालात कायमचा फायदा ४.३ टक्के एवढाच आढळला. तोही काही थोडा नाही. टप उघडणाऱ्या गाडीला मागची काच कायमची नसते, म्हणून हा तिसरा दिवा सहसा डिकीच्या झाकणावर असतो. आणि आपलं तावदान? त्याच्या थोडं पुढे, थोडं वर, त्याच रेषेत. तिथे लाल नक्षी सतत जळत राहिली, तर मागून येणाऱ्याच्या नजरेला ब्रेकचा लाल वेगळा काढायला वेळ लागतो. ताशी शंभरच्या वेगात अर्ध्या सेकंदात गाडी चौदा मीटर पुढे गेलेली असते.

रस्त्यावर रंग नुसता रंग राहत नाही, त्याला अर्थ चिकटलेला असतो. आपल्याकडे ‘लाल दिव्याची गाडी मिळाली’ म्हटलं की मंत्रिपद मिळालं, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. १ मे २०१७पासून ते दिवे गेले, वाक्प्रचार अजून आहे. अमेरिकेत लाल-निळा लुकलुकला की पोलीस आले. म्हणून कायदेही रंगाच्या भाषेत बोलतात. कॅलिफोर्नियात गाडीच्या बाहेर शोभेचा मंद, पसरट उजेड चालतो, पण चौरस इंचाला ०.०५ कँडेलाच्या आत. आणि पुढच्या बाजूला लाल दिसता कामा नये. ब्रिटनच्या १९८९च्या नियमांप्रमाणे पुढे लाल नको आणि काही अपवाद सोडले तर मागे लालखेरीज दुसरा नको. गाडीच्या आतल्या उजेडाला तिथे सूट आहे. पण टप उघडलेल्या गाडीचं आत कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं? वकिलांना बरेच दिवस पुरेल असा हा प्रश्न आहे. चालवणाऱ्याने तो रस्त्यावर सोडवायला जाऊ नये.

यातून निघालेला मार्ग मला पटतो. हँडब्रेकच्या खटक्याची एक तार दिव्यांच्या कंट्रोलरला जोडायची. हँडब्रेक ओढलेला असेल, गाडी उभी असेल, तेव्हा रंगांच्या लाटा हव्या तेवढ्या खेळू द्याव्यात. तो सोडला की एकच मंद शेंदरी रंग, न हलणारा, न लुकलुकणारा. आणि पट्टीच्या मागे काळी पन्हळ, म्हणजे उजेड मागच्या गाडीकडे कमीत कमी जाईल. जोडीला हाताशी एक बटण, सगळं एकदम बंद करणारं.

राहिली वीज. ‘बारा व्होल्टची पट्टी, बारा व्होल्टची गाडी’ असा सरळ हिशेब लोक करतात, पण इंजीन चालू असताना गाडीत चौदाच्या वर व्होल्ट असतात. निळे तीन दिवे ओळीने जोडले तर साडेनऊच्या आसपास व्होल्ट तेच घेतात. उरलेले अडीच अडवायला रोधक असतो. बाराचे साडेचौदा झाले की रोधकावर अडीचऐवजी पाच येतात, आणि प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो. पट्टी तापते, चिकटपट्टी सुटते, दिवे वर्षभरात पिवळट पडतात. चिपवाल्या पट्टीला पाच व्होल्ट लागतात, म्हणून मध्ये कन्व्हर्टर घालावाच लागतो. चाळीस ठिपके पूर्ण तेजात प्रत्येकी ६० मिलिअँपिअर, म्हणजे २.४ अँपिअर, १२ वॅट. रोज एवढं लागणार नाही; तरी तारेची जाडी आणि फ्यूज याच हिशेबाने घ्यावेत, आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ असावा. तारेला कुठे सालपट निघून ती पत्र्याला चिकटली तर पेट घेण्याआधी तोच मध्ये पडणार असतो.

शेवटची गोष्ट हिवाळ्याची. थंड देशांत या गाड्या पाच-सहा महिने गॅरेजमध्ये झाकून ठेवतात. जर्मनीत तर वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरतीच चालणारी नंबरप्लेट मिळते. चिपवाली पट्टी विझलेली दिसली तरी तिच्या चिपा जाग्या असतात. कंट्रोलर, कन्व्हर्टर धरून बॅटरीतून तीस-चाळीस मिलिअँपिअर जात राहतात, दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी महिना-दीड महिन्यात रिकामी व्हायला तेवढं पुरतं. म्हणून पट्टीची तार बॅटरीवरून सरळ न घेता किल्ली फिरवल्यावरच ज्याला वीज मिळते, अशा फ्यूजवरून घ्यावी.