फोटोतला रवा आणि माणसाचा चेहरा



जळगाव-धुळ्याकडे जुन्या निगेटिव्ह आता पेट्यांतून बाहेर निघू लागल्या आहेत. संघटनेचा सुवर्णमहोत्सव असो की आजोबांची जन्मशताब्दी, फोटो भिंतभर हवा असतो. दुकानदार म्हणतो, "दाणे फार दिसतात, साफ करून देतो," आणि आपण मान डोलावतो. आम्ही या विद्येचे पंडित नव्हे. कामगार चळवळीतली माणसे. पण मान डोलावण्याआधी हे दाणे काय आहेत ते समजून घ्यावे, असे आमचे म्हणणे आहे.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. कृष्णधवल फिल्म धुताना, प्रकाश लागलेल्या स्फटिकांची काळी चांदी बनते. उरलेले विरघळून जातात. चांदीच्या या पुंजक्यांना फोटोग्राफर ग्रेन म्हणतात. आपण रवा म्हणू. तेव्हा रवा म्हणजे चित्रावर बसलेली धूळ नव्हे. चित्र त्याचेच बनलेले आहे.

मोठ्या तोंडाच्या भांड्यात पाऊस अधिक पडतो, तसा मोठा स्फटिक थोड्या उजेडातही प्रकाश धरतो. म्हणून कमी उजेडात चालणारी फिल्म जाड रव्याची असते. महात्माजींनी कनु गांधींना फोटो काढू दिले, ते फ्लॅश वापरायचा नाही, पोझ मागायची नाही आणि आश्रमाकडून पैसा मिळणार नाही, या अटींवर. झोपडीतल्या उजेडावर काम भागवायचे, तर रवा पत्करावा लागतो. गिरणीच्या खात्यातल्या आणि रात्रीच्या गेटसभेतल्या आपल्या फोटोंची कथा हीच आहे.

आता हिशेब पाहू. 35 मिलिमीटर फिल्मची चौकट 36 मिलिमीटर रुंद असते. ती सहा फूट केली की सारे सुमारे 50 पट वाढते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा पुंजका अर्ध्या मिलिमीटरचा होतो. हातभर अंतरावरून तो दिसतो. आठ फुटांवरून वेगळा ओळखू येत नाही. भिंतीवरचा फोटो नाक लावून पाहायचा नसतो.

1936 साली फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. तसल्या गर्दीच्या फोटोत एका शेतकऱ्याचा चेहरा निगेटिव्हवर जेमतेम मिलिमीटरभर असू शकतो. इंचाला 4000 ठिपक्यांनी स्कॅन केल्यास त्या चेहऱ्याच्या रुंदीला दीडशेवर ठिपके मिळतात. 600 ने केल्यास अवघे 24. शिवाय ठिपक्याचे माप रव्याच्या मापाजवळ आले, की फिल्मवर नसलेला जाड रवा चित्रात उमटतो. दोष स्कॅनचा आणि बोल फिल्मला, असे होते.

'साफ' करताना संगणकाला रवा कोणता आणि सुरकुती कोणती हे नीट कळत नाही. तो दोन्ही पुसतो आणि गाल मेणाचे होतात. नवी यंत्रे तर पुसलेल्या जागी आपल्या अंदाजाने डोळे-ओठ भरतात. चित्र सुबक होते, पण माणूस आपला राहत नाही. मोर्चातल्या ज्या कामगाराचा जगात एकच फोटो उरला आहे, त्याला परका चेहरा देऊन आपण हार घालतो.

म्हणून दुकानात स्पष्ट सांगावे: स्कॅन निगेटिव्हवरूनच करा, इंचाला 4000 च्या आसपास करा, फाईल टिफ ठेवा, धूळ आणि ओरखडे काढा, पण रव्याला हात लावू नका. आधी एका चेहऱ्याचा तुकडा पूर्ण मापात छापून घ्यावा, भिंतीला लावावा आणि आठ फुटांवरून पाहावा. काम झाले की निगेटिव्ह आठवणीने परत घ्यावी आणि कोरड्या, थंड जागी ठेवावी. उद्या याहून चांगले यंत्र येईल, तेव्हाही मूळ माल तोच लागणार आहे.