पोटातला गोबरगॅस

‘कोलोनोस्कोपीच्या आधी दोन-दोन लिटर खारट पाणी कशाला पाजतात? एनिमा देऊन भागत नाही का?’ असा एका वाचकाचा वैतागलेला प्रश्न आहे. दुर्बिणीतून आतडं स्वच्छ दिसावं म्हणून, हे उत्तर खरं, पण अर्धंच.

आपलं मोठं आतडं म्हणजे गोबरगॅसच्या टाकीचं धाकटं भावंड. न पचलेल्या अन्नावर तिथले जिवाणू तुटून पडतात आणि हायड्रोजन सोडतात. काहींच्या पोटात मिथेनही होतो. हवेत हायड्रोजन 4 ते 75 टक्के किंवा मिथेन 5 ते 15 टक्के असला, की ठिणगीचाच काय तो अवकाश. आता पाहा: तपासताना आतडं फुगवायला हवा भरायची, आणि पॉलिप, म्हणजे अस्तरावरची गाठ, दिसला तर तारेच्या फासात धरून विजेने कापायचा!

1979 साली फ्रेंच डॉक्टरांनी अशा एका स्फोटाची नोंद प्रसिद्ध केली. रुग्ण दगावला होता. पोट साफ करायला त्याला मॅनिटॉल दिलं होतं. हा गोड पदार्थ फारसा शोषला जात नाही, पाणी आतड्यात ओढून घेतो, जुलाब झकास होतात. पण जिवाणूंच्या दृष्टीने ती पंगतच.

अपानवायू हा काही मिरवायचा विषय नव्हे, तरी अमेरिकेतल्या मायकेल लेविट यांनी त्यात हयात घालवली. आतड्यातला हायड्रोजन रक्तात मिसळून श्वासावाटेही बाहेर पडतो, हे त्यांनी 1969 मध्ये मोजून दाखवलं. दूध न पचणाऱ्यांना आज नळीत फुंकायला लावतात, त्यामागे हेच तत्त्व. असल्या माणसांचे पुतळे कोणी उभारत नाही!

पुन्हा पोट साफ करण्याकडे वळू. 1980 मध्ये जॉन फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि क्षारांचं द्रावण पुढे आणलं. ते ना अंगात शोषलं जातं, ना जिवाणूंना पचतं. आतडं धुऊन जसंच्या तसं बाहेर. तेच ते खारट पाणी. आता बऱ्याच ठिकाणी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइडही भरतात.

‘पोटात स्फोट’ असा मथळा दिसला तर घाबरू नका. 2007 साली ग्रीक डॉक्टरांनी जुन्या नोंदी धुंडाळल्या, तेव्हा अर्धशतकातली जेमतेम 20 प्रकरणं हाती लागली. एनिमाचं म्हणाल, तर तो खालचाच भाग धुतो. वर मळ आणि वायू राहतात. आर्गॉन वायूतून वीज सोडून रक्तस्राव थांबवताना जे स्फोट झाले, त्यांत नुसत्या एनिमावर भागवलेले रुग्णही होते.